पायरीवरची चकाकी

फोटो काउंटरवर उपडा ठेवून दादा म्हणाला, "आधी दार लाव."

छबूने दार लावलं नाही. दुपारचे बारा वाजले होते, ओळखपत्राच्या फोटोंसाठी दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. तिने त्यांचे फोटो कापून पाकिटात घातले, त्यांना वाटेला लावलं आणि मग भावाकडे नीट पाहिलं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. बावीस वर्षं रंगकाम करणारा हा माणूस स्वतःच्या कपड्यांवर कधी थेंब पडू द्यायचा नाही, आणि आज त्याला बटणांचं भान नव्हतं.

"परवा चौकशी आहे," तो म्हणाला. "चार वाजता. त्यांनी हा फोटो लावलाय माझ्याविरुद्ध."

डोळ्यांच्या दवाखान्याचं प्रकरण छबूला अर्धंमुर्धं माहीत होतं. चार महिन्यांपूर्वी दादाने तो सगळा दवाखाना आतून रंगवला होता. तिथल्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं की तपासणीआधी डोळ्यांत औषध घातलं की बाहुली मोठी होते, मग पेशंटला जरासा उजेडही सहन होत नाही. म्हणून भिंत असो की पायरी, कुठेही काही चकाकता कामा नये, सगळं मॅट हवं. दादाने तसंच केलं होतं, निदान तो तसं सांगत होता. आणि अठरा दिवसांपूर्वी सकाळी तपासणी करून जिना उतरताना एक बाई सात पायऱ्या खाली गेल्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. बाई शिवणकाम करणाऱ्या; सगळे त्यांना टेलरकाकू म्हणत.

"तिथल्या व्यवस्थापकाने लिहून दिलंय की मॅट सांगितला असताना रंगाऱ्याने ग्लॉस मारला," दादा म्हणाला. "ते सिद्ध झालं तर संस्थेच्या यादीतून माझं नाव जाईल. त्यांचे पाच दवाखाने आहेत, छबू. शिवाय बाईंच्या घरचे पोलिसांत जाणार म्हणतात."

"रंगाचे डबे?"

"चार महिने रिकामे डबे कोण जपून ठेवतं?"

तिने फोटो उलटला. जिन्याच्या वरच्या टोकाला उभं राहून खाली बघत घेतलेला. खाली काचेचं दार, दारातून आत येणारं सकाळचं ऊन, आणि मधल्या करड्या पायऱ्या नुकतंच पाणी ओतल्यासारख्या चकाकत होत्या.

"हा कागद बघ," दादा घाईने म्हणाला. "ग्लॉसी आहे. ग्लॉसी कागदावर काहीही छापलं तरी चमकणारच. तू चौदा वर्षं फोटो छापतेयस. एवढंच लिहून दे आणि सही कर. चमक कागदाची आहे, रंगाची नाही."

छबूने फोटो दिव्याखाली धरला आणि हळूहळू तिरपा केला. दिव्याचा पांढरा पट्टा कागदावरून सरकत कडेला गेला आणि नाहीसा झाला. पायऱ्यांवरची चकाकी मात्र होती तिथेच राहिली.

"दादा, कागदाची चमक कागदाबरोबर हलते. ही हलत नाहीये."

"म्हणजे?"

तिने फोटो मशीनवर ठेवून त्याची नक्कल घेतली आणि मॅट कागदावर छापून काढली. मॅट कागदाला स्वतःची चमक नसते; जे चित्रात आहे तेवढंच दिसतं. दोघांनी ती नक्कल काउंटरवर ठेवून पाहिली. पायऱ्या तशाच चकाकत होत्या. तिसऱ्या पायरीत तर कठड्याच्या गजांची पुसट रेघोटी उमटलेली दिसत होती.

"दादा," तिने अगदी हळू विचारलं, "तू ग्लॉस मारलास का?"

त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "तूसुद्धा?"

"मी विचारतेय."

"आईशपथ सांगतो, मॅट मारला. दोन हात, मधे एक दिवस वाळवून. जिना संपवून खाली उभा राहिलो होतो आणि स्वतःवर खूश झालो होतो, पाटीसारखा दिसत होता." त्याने मॅटची नक्कल चुरगाळली. "सही देणार आहेस की नाही, तेवढं सांग."

"आधी तो जिना बघते," छबू म्हणाली.

चौकशी संस्थेच्या एका अधिकारीबाईंकडे होती. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, रंगाऱ्याची कोण लागतेस तेही विचारलं, आणि म्हणाल्या, "बहीण आहेस म्हणून तुझ्या शब्दाला किंमत कमीच राहील. फोटो मात्र आण. उद्या सकाळी नऊ ते दहा. व्यवस्थापक हजर राहतील. पायरीला हात लावायचा, पण खरवडायचं नाही." मग जरा थांबून त्यांनी टेलरकाकूंचा जबाब वाचून दाखवला. तो एका ओळीचाच होता. *मला खाली जायला जिना नव्हताच, पायऱ्या नव्हत्याच, सगळं सपाट पांढरं होतं.*

"यावर सगळे हसतायत," अधिकारीबाई म्हणाल्या. "त्यांची सूनसुद्धा."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता छबू कॅमेरा आणि तिपाई घेऊन जिन्यापाशी पोचली तेव्हा व्यवस्थापक आधीच येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ल्यांचा जुडगा. जिन्यावर सफाईच्या मावशी गुडघे टेकून पायऱ्या घासत होत्या. त्यांना बाजूला व्हायला सांगितलं गेलं. बादली उचलून त्या भिंतीशी चिकटून उभ्या राहिल्या.

पायऱ्या पूर्ण वाळल्यावर छबूने पहिला फोटो खालून, काचेच्या दाराला पाठ करून घेतला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पायऱ्या आल्या त्या मंद करड्या, कडा स्वच्छ, एकेक पायरी मोजून घ्यावी अशी. तिचा जीव भांड्यात पडला. दादा खरं बोलत होता.

मग ती वर गेली. तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्यावर पेशंट जिथे पहिलं पाऊल टाकतो, तिथे तिपाई उभी केली आणि खाली पाहिलं. तोच जिना, त्याच पायऱ्या, पण दारातलं ऊन थेट तिच्या डोळ्यांवर उलटत होतं.

"बघितलंत?" व्यवस्थापक खालून म्हणाले. "मी काय फोटोत चमक भरली नव्हती."

तिने तोही फोटो घेतला. मग तिला टेलरकाकूंची ती ओळ आठवली. बाहुली मोठी होते म्हणजे काय, हे तिला डॉक्टरांपेक्षा कमी कळत नव्हतं. भिंगाचं तोंड पूर्ण उघडायचं आणि उजेड आत येईल तितका येऊ द्यायचा. तिने भिंग पूर्ण उघडलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर जिना नव्हता. वरपासून खालपर्यंत एक सपाट, पांढरी उतरण होती. पायऱ्यांच्या कडा चकाकीत विरघळून गेल्या होत्या. छबूचा हात आपोआप कठड्याकडे गेला आणि तिने तो घट्ट धरला. बाई खोटं बोलल्या नव्हत्या, वेंधळ्याही नव्हत्या. त्यांना खरोखरच पायऱ्या दिसल्या नव्हत्या.

आणि दादाही खोटं बोलत नव्हता. मग चूक कुठे होती?

घड्याळात साडेनऊ झाले होते. ती एकेक पायरी उतरत, वाकून, बोटाने चाचपत निघाली. वरून वेगळं वार्निश मारलं असतं तर कुठेतरी त्याचा काठ, ओघळ, ब्रशाची रेघ सापडली असती. काहीच नव्हतं. चौथ्या पायरीवर ती थांबली. भिंतीलगत वरून खाली एक जाड पाइप उतरत होता. त्याच्या मागे दोन बोटं रुंदीची पट्टी होती, जिथे हात कष्टाने जाईल. तिथली पायरी खडूसारखी कोरडी आणि निस्तेज होती. रंग तोच, छटाही तीच. पाइपाच्या अलीकडे आरसा, पलीकडे पाटी. पाचव्या पायरीवर तसंच, सहाव्या पायरीवरही.

तिने मान वर केली. भिंतीशी उभ्या असलेल्या मावशींच्या हातात हिरवी नायलॉनची घासणी होती.

"मावशी, हे रोज घासता?"

"रोज दोनदा," मावशी म्हणाल्या. "आधी ओलं, मग कोरडं. जिना काचेसारखा दिसला पाहिजे, असं साहेबांनी…" त्यांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं आणि वाक्य तोंडातच ठेवलं.

"डाग पडतात," व्यवस्थापक म्हणाले. "मॅटवर पायाचा ठसा उठला की जात नाही. मग काय, दवाखाना घाण ठेवायचा?"

छबूने पाइपामागच्या पट्टीचे फोटो घेतले, अगदी जवळून. ती सामान आवरत असताना मावशी बादली उचलायच्या निमित्ताने तिच्याजवळ आल्या आणि तोंड न हलवता म्हणाल्या, "ताई, माझं नाव घेऊ नका हो. मला कामाला लागून पाचच महिने झालेत."

दादाच्या घरी ती गेली तेव्हा तो जेवायचं ताट तसंच पुढ्यात ठेवून बसला होता. तिने सगळे फोटो पलंगावर मांडले. पाइपामागची पट्टी पाहून तो ताडकन उठला. "हाच माझा रंग! सांगत होतो ना मी!"

"घासून घासून चमकलाय."

"चमकणारच! मॅटचा पृष्ठभाग खरखरीत असतो म्हणून तो उजेड विखरून टाकतो. खरखर घासून काढली की झाला गुळगुळीत. कोपराजवळ जुनी पँट चमकते तसं." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण पँटला कोपर लावलंय. "गुडघ्याजवळ," तो म्हणाला आणि कित्येक दिवसांनी हसला.

छबू हसली नाही. "म्हणजे तुला माहीत होतं."

"कुठल्याही रंगाऱ्याला माहीत असतं."

"मग त्यांना सांगितलं होतंस? घासू नका, नुसतं पुसा म्हणून?"

दादाने पुढ्यातलं ताट बाजूला सरकवलं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. 

"शेवटच्या दिवशी गडबड होती," तो अखेर म्हणाला. "दुसरं काम लागलं होतं. सामान उचललं आणि निघालो. कुणी विचारलंही नाही." त्याने फोटोंमधून तो पांढरा फोटो वेगळा काढला आणि पालथा ठेवला. "उद्या खालून घेतलेला दे आणि हे पाइपामागचे दे. मी सुटतो. हा घरी ठेव."

"का?"

"का म्हणजे? हा बघितला की पुढचं कुणी ऐकणार नाही. जिना चमकत होता, बाई पडल्या, रंगारी कोण? संपलं."

"आणि हा दिला नाही तर त्या बाई वेड्या ठरतात. त्यांची सून हसतेय त्यांना, दादा."

"तुला त्या बाईचं पडलंय?" त्याचा आवाज चढला. "सख्खा भाऊ इथे रस्त्यावर येतोय, आणि ही परक्या बाईचा कैवार घेतेय!"

छबूने पालथा फोटो उचलला, बाकीच्यांबरोबर पाकिटात घातला आणि निघाली. दारापर्यंत तिला वाटत होतं की तो हाक मारेल. त्याने मारली नाही.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिथे एरवी बैठका होत, तिथे चार वाजता सगळे जमले. टेबलाच्या डोक्याशी अधिकारीबाई, एका बाजूला डॉक्टर आणि व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला टेलरकाकू आणि त्यांची सून. काकू साठीच्या, अंगाने बारीक. प्लास्टरमधला हात त्यांनी टेबलावर असा ठेवला होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. दादा भिंतीजवळच्या खुर्चीत बसला होता. छबू आत आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. दाराशी मावशी उभ्या होत्या. त्यांना का बोलावलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

व्यवस्थापक आधी बोलले. मुद्देसूद बोलले. मॅट सांगितला, ग्लॉस मारला, पुरावा समोर आहे.

"सासूबाईंचं लक्षच नसतं," सून मधेच म्हणाली. "आम्ही रंगाऱ्याला दोष देतोच, पण घरीही त्या अशाच धडपडतात. पायऱ्या नव्हत्या म्हणे!"

 काकूंनी फक्त मान खाली घातली, आणि ती मान ज्या सवयीने खाली गेली ते पाहून, पांढरा फोटो द्यावा की नाही ही छबूची उरलीसुरली शंका फिटली.

"फोटो?" अधिकारीबाईंनी विचारलं.

 छबूने पाकीट उघडलं. तिने आधी खालून घेतलेला फोटो ठेवला. मग वरून घेतलेला. मग क्षणभर थांबून दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिने तिसरा फोटो काढला आणि अधिकारीबाईंसमोर न ठेवता टेलरकाकूंच्या पुढ्यात ठेवला.

"डोळ्यांत औषध असताना जेवढा उजेड आत जातो, तेवढा घेऊन काढलाय," ती म्हणाली. "तिथूनच, जिथे तुम्ही उभ्या होतात."

काकूंनी डाव्या हाताने फोटो जवळ ओढला. बराच वेळ पाहिला. मग त्यांचं बोट त्या पांढऱ्या उतरणीवर वरून खाली फिरलं आणि मधेच थांबलं.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच होतं. इथे मी पाय टाकला." त्यांनी सुनेकडे फोटो सरकवला. "बघ. बघ ना आता."

सुनेने पाहिलं. मग तो पुन्हा काकूंपुढे सरळ करून ठेवला.

"म्हणजे जिना चमकत होता, यावर तुमचंही दुमत नाही," व्यवस्थापक लगेच म्हणाले. "रंगाऱ्याच्या बहिणीनेच कबूल केलं. आणखी काय हवं?"

दादाच्या खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. छबूने घाईघाईने पट्टीचे फोटो पुढे केले. पाइपामागे रंग कसा आहे, अलीकडे कसा आहे, वार्निशचा काठ कसा कुठेच नाही, घासल्याने मॅटची खरखर कशी जाते, हे तिने एकेक फोटो दाखवत सांगितलं. अधिकारीबाई स्वतः उठून जिन्यावर गेल्या. पाइपामागे बोट घातलं, मग पायरीवर फिरवलं, आणि परत येऊन बसल्या.

"रंग मॅटच आहे," त्या म्हणाल्या. "आता प्रश्न असा, की हे घासलं कोणी?"

 मग व्यवस्थापकांनी दाराकडे बोट केलं. "ही घासते. अती घासते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही."

मावशींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.  खोलीतल्या सगळ्या नजरा त्यांच्यावर होत्या, आणि छबूला कळलं की आपण भावाला वाचवलं आणि या बाईला आत ढकललं. तिला उठायचं होतं.

उठला तो दादा.

"मॅडम, मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "मॅट घासायचा नसतो, ओल्या फडक्याने टिपायचा असतो. हे मला माहीत होतं. यांना माहीत असायचं काही कारण नाही. काम संपवताना ते सांगणं माझं काम होतं. मी सामान उचललं आणि गेलो." त्याने जिन्याच्या दिशेने हात केला. "आणि जिन्याला कडेच्या पट्ट्या ओढायला हव्या होत्या, गडद रंगाच्या. तेही मला सुचलं होतं. कंटाळा केला. या मावशींना यात घेऊ नका."

अधिकारीबाईंनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग त्या मावशींकडे वळल्या. "तुम्हाला घासायला कोणी सांगितलं?"

मावशींनी दादाकडे पाहिलं, छबूकडे पाहिलं. "सामानाच्या खोलीच्या दारावर कागद लावलाय," त्या म्हणाल्या. "मला वाचता येतं."

कागद आणला गेला. खिळ्याने पाडलेल्या भोकासकट. व्यवस्थापकांच्याच अक्षरात लिहिलं होतं: *जिना — दिवसातून दोनदा, चमक येईपर्यंत.*

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मीही एक सांगतो," ते म्हणाले. "औषध घातलेल्या बाईंना मी एकट्या खाली सोडलं. बाहेर बारा पेशंट होते, ही सबब झाली. सोबत कुणीतरी द्यायला हवं होतं."

व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा टेबलाखाली फिरवत राहिले. तो आवाज नंतर बराच वेळ येत होता.

निकाल बारा दिवसांनी आला. दादाचं नाव यादीतून गेलं नाही, पण लेखी समज मिळाली आणि जिना पुन्हा रंगवून द्यायची जबाबदारी त्याच्यावर आली. व्यवस्थापकांची देखरेखीची कामं काढून घेतली गेली. औषध घातलेल्या पेशंटला हात धरून खाली सोडायचं, असा नियम झाला. टेलरकाकूंचं प्लास्टर निघालं तेव्हा करंगळी पूर्ण वळेना. बारीक काजं आता जमायची नाहीत, असं त्यांनीच दादाला सांगितलं, तो त्यांच्या घरी गेला तेव्हा. तो तिथे तासभर बसला. काय बोलणं झालं ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. छबूला एवढंच कळलं की पाणी सुनेने आणून दिलं आणि मग ती आत न जाता तिथेच बसून राहिली.

भावाबहिणीचं बोलणं मात्र महिनाभर बंद होतं. मग एका सकाळी दुकानात फोन आला. "दवाखान्यात ये. कॅमेरा आण. रंग वाळलाय, वरून नि खालून दोन्हीकडून घे. संस्थेला द्यायचेत."

"का, मी परक्यांचा कैवार घेते ना?"

 "चुकलो," दादा म्हणाला. "ये लवकर, ऊन जाईल."

ती गेली तेव्हा प्रत्येक पायरीच्या कडेला बोटभर रुंदीची काळी पट्टी ओढलेली होती. दादा सर्वांत खालच्या पायरीवर बसून मावशींना ओलं फडकं कसं पिळायचं, डाग कसा नुसता टिपायचा, जोर कसा द्यायचा नाही, हे दाखवत होता. एकदा दाखवून झालं, तरी पुन्हा दाखवत होता.

मावशींनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "समजलं. आता तुमच्या त्या डब्याखाली कागद टाका आधी. माझी फरशी खराब होतेय."

दादाने कागद टाकला.